नाणेनिधी (महाराष्ट्र)

नाणेनिधी म्हणजे कोणीतरी जाणीवपूर्वक एकत्र करून ठेवलेला वा पुरलेला आणि मूळ मालकाला पुन्हा बाहेर काढता न आलेला नाण्यांचा साठा. बोलीभाषेत त्याला गुप्तधन किंवा हंडा म्हणतात. कायद्याच्या भाषेत तो ‘निखात निधी’ या व्यापक संज्ञेत मोडतो. वाटेत पडलेले, गाळात रुतलेले किंवा वस्तीच्या थरात राहून गेलेले एकटे नाणे हा निधी नव्हे. नाणकशास्त्रात हा भेद महत्त्वाचा मानला जातो. एकटे नाणे त्या जागी ये-जा होती एवढेच सुचवते, तर निधी हा एका ठराविक क्षणी एका माणसाच्या हाती असलेल्या चलनाचा नमुना असतो.

महाराष्ट्रातील बहुतेक निधी शेत नांगरताना, विहीर खणताना, जुन्या घराचा पाया उकरताना किंवा रस्त्याचे काम करताना योगायोगाने उघडकीस आले आहेत. विसाव्या शतकात धातुशोधक यंत्र (मेटल डिटेक्टर) आल्यानंतर युरोपात हेतुपुरस्सर नाणेशोध हा छंद बनला. भारतात कायद्याची चौकट वेगळी असल्यामुळे तसे झाले नाही.

निधी पुरण्याची कारणे

पेढ्या व बँका सर्वत्र पोहोचण्यापूर्वी जमीन हीच सर्वांत सुरक्षित तिजोरी होती. मातीचे गाडगे, तांब्याचा लोटा किंवा कापडी पुरचुंडी घराच्या कोपऱ्यात, चुलीखाली, गोठ्यात अथवा एखाद्या ठळक झाडाच्या बुंध्याशी पुरली जाई. स्वारी, लूट, दुष्काळ किंवा लांबचा प्रवास यांच्या वेळी हे प्रमाण वाढे. पुरणारा परत आला तर ठेवा बाहेर निघे आणि त्याची कोणतीही खूण मागे राहत नसे. म्हणून आज हाती लागणारा प्रत्येक निधी हा बहुधा अशा माणसाचा असतो, जो परत येऊ शकला नाही किंवा ज्याने जागा कोणाला सांगितली नाही.

निधीतील सर्वांत अलीकडचे नाणे हे तो पुरल्याचा सर्वांत आधीचा संभाव्य काळ ठरवते. पण हे अनुमान निधी पूर्ण हाती आला असेल तरच टिकते. त्यातील चार-दोन नाणी आधीच सोनाराकडे गेली असतील, तर काळ दशकांनी चुकू शकतो.

साष्टी बेट आणि कृष्णराजाची नाणी

आजची मुंबई उपनगरे ज्या भूभागावर वसली आहेत ते साष्टी बेट प्राचीन काळी सोपारा, कल्याण व ठाणे या बंदरांच्या सान्निध्यात होते. बोरिवलीजवळील कान्हेरी लेणी, जोगेश्वरीचे शैव लेणे आणि महाकाली (कोंडिवटे) लेणी या वस्तीची साक्ष देतात. कान्हेरी येथे १८३९ मध्ये सापडलेल्या ताम्रपटावर त्रैकूटकांच्या संवताचे २४५ वे वर्ष नोंदलेले आहे. ते इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या शेवटी येते.

साष्टी व मुंबई या दोन्ही बेटांवर कृष्णराज नावाच्या राजाची लहान, गोल चांदीची नाणी सापडली आहेत. एका बाजूस राजाचा उजवीकडे पाहणारा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी आणि त्याभोवती ब्राह्मी अक्षरांत ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’ असा लेख, हे त्यांचे स्वरूप आहे. आकाराने ती पश्चिमी क्षत्रप व त्रैकूटक यांच्या रौप्य नाण्यांचीच परंपरा चालवतात. राजवंश बदलले तरी लोकांच्या हाताला सवयीचे झालेले वजन व आकार नव्या राजाने सहसा बदलले नाहीत, असे त्यावरून दिसते.

हा कृष्णराज कोण, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. प्रारंभी ही नाणी आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची समजली गेली. पुढे माहिष्मतीच्या कलचुरी घराण्याचे ताम्रपट उजेडात आले. नाशिक जिल्ह्यातील अभोणे येथील कलचुरी संवत ३४७ (इ.स. ५९७) च्या ताम्रपटात शंकरगण हा कृष्णराजाचा पुत्र असल्याचे म्हटले आहे, आणि कृष्णराज निष्ठावंत शिवभक्त असल्याचेही वर्णन आहे. नाण्यांवरील ‘परममाहेश्वर’ हे बिरुद व नंदीचे चिन्ह त्याच्याशी जुळते. अक्षरांचे वळणही सहाव्या शतकाचे आहे. वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांच्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात हे सर्व पुरावे एकत्र मांडले, आणि ही नाणी कलचुरी कृष्णराजाची (सुमारे इ.स. ५५०–५७५) हे मत आता सामान्यतः स्वीकारले जाते. ती राजस्थानापासून सातारा जिल्ह्यापर्यंत आणि मुंबईपासून विदर्भापर्यंत पसरलेली आढळतात.

या छोट्या नाण्यांचा परिणाम कलेच्या इतिहासावरही झाला. घारापुरीचे प्रसिद्ध शिवलेणे कोणी खोदवले याचा एकही कोरीव लेख तेथे नाही. त्या बेटावर सापडलेली कृष्णराजाची हलक्या धातूची नाणी, राजाचे शैवत्व आणि शिल्पशैली यांच्या आधारे लेण्याचा संबंध कलचुरींशी जोडला जातो. मिराशींप्रमाणेच वॉल्टर स्पिंक यांनीही ही बाजू मांडली. जोगेश्वरीचे लेणेही त्याच काळात बसवले जाते. कमी किमतीची नाणी सहसा लांब जात नाहीत. मजुराच्या हाती रोजची मजुरी म्हणून येणारे हलके चलन ज्या जागी सापडते, त्या जागी ते वापरले गेले असण्याची शक्यता मोठी असते. युक्तिवादाचे बळ नाण्याच्या किमतीत नाही, ते सापडण्याच्या जागेत आहे. तीच नाणी एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीत ठावठिकाणा न कळता आली असती, तर घारापुरीबद्दल त्यांनी काहीच सांगितले नसते.

कृष्णराजाचे चलन त्याच्या मृत्यूनंतर बराच काळ टिकले. नाशिकजवळील अंजनेरी येथे मिळालेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटात (कलचुरी संवत ४६१, म्हणजे इ.स. ७१० च्या सुमारास) ‘कृष्णराजरूपक’ असा या नाण्यांचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे राजा गेल्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनीही व्यवहारात त्याच्या नावाचा रुपया मोजला जात होता. साष्टीत असे नाणे मिळाले म्हणून ते सहाव्या शतकातच पडले असे ठरत नाही, ते त्यामुळेच.

नंतरच्या काळातील सत्तांतरांचा ठसाही या भागातील चलनावर आहे. साष्टी १५३४ पासून पोर्तुगिजांकडे, १७३७ पासून मराठ्यांकडे आणि १७७४ पासून इंग्रजांकडे होती. या तिन्ही सत्तांची नाणी येथील बाजारांत फिरली. त्यांतील तांब्याची शिवराई छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळी सुरू होऊन एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू राहिली, आणि महाराष्ट्रभर सर्वाधिक सापडणाऱ्या जुन्या नाण्यांपैकी ती एक आहे.

पवईसारख्या ठिकाणी मात्र जमिनीचाच भरवसा धरता येत नाही. येथील तलाव १८९१ मध्ये बांध घालून तयार झाला, १९५८ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली, चांदिवलीच्या बाजूस दगडाच्या खाणी चालल्या आणि पुढे उंच वसाहती उभ्या राहिल्या. डोंगर फोडून निघालेली माती व मुरूम सखल भागात भराव म्हणून पडले. अशा भरावात मिळालेले नाणे मुळात कोठून आले ते सांगता येत नाही, कारण ते मातीबरोबर प्रवास करून आलेले असू शकते.

जोगळटेंभीचा निधी

महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचा नाणेनिधी १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गोदाकाठच्या गावी सापडला. त्यात १३,२५० च्या आसपास चांदीची नाणी होती आणि ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांची तपासणी करून अहवाल १९०८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

नहपानाच्या नाण्यांवर एका बाजूस मुखवटा व ग्रीक अक्षरांतील लेख, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांतील लेख असतात. जोगळटेंभीच्या निधीतील ९,००० हून अधिक नाण्यांवर (स्कॉट यांच्या मोजणीनुसार ९,२७०) सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूस कमानींचा डोंगर, म्हणजे चैत्यचिन्ह, व राजाचे नाव. दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचे तथाकथित उज्जयिनी चिन्ह. नव्या ठशाखालून नहपानाचे नाक, हनुवटी किंवा ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावतात. शत्रूचे चलन वितळवून नवे पाडण्याऐवजी त्यावरच आपले नाव उमटवणे स्वस्त व जलद होते, शिवाय विजयाची घोषणा प्रत्येक खरेदी-विक्रीबरोबर हातोहात पोहोचत होती.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा, नातू पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षातील लेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केला असे तीत म्हटले आहे. प्रशस्तीतील असे दावे इतिहासकार जपून घेतात. जोगळटेंभीने त्या दाव्याला धातूचा पुरावा दिला. गौतमीपुत्राने ठसे मारलेली नाणी नहपानाची आहेत, मधल्या कोणा वारसाची त्यात नाहीत, यावरून दोघांच्या काळात फार अंतर नसावे हेही पुढे आले.

सुमारे ४,००० नाण्यांवर मात्र दुसरा ठसा नाही. दोन्ही प्रकारची नाणी एकत्र पुरलेली असल्याने, ठसा मारण्याचे काम अपुरे असताना वा दोन्ही एकाच वेळी चालत असताना हा साठा झाला असावा. आणखी एक गोष्ट स्कॉट यांनी नोंदवली. नहपानाचे नाव एकच असले तरी नाण्यांवरील चेहरे वयाने व ठेवणीने इतके वेगवेगळे आहेत की ते एका माणसाचे असणे कठीण. हजारो नाणी शेजारी शेजारी ठेवता आली म्हणूनच हे निरीक्षण शक्य झाले. पाच-पन्नास नाण्यांवरून ते करता आले नसते.

या नाण्यांची किंमत समजण्यास नाशिकच्याच दहाव्या लेण्यातील नहपानाचा जावई उषवदात याचा लेख उपयोगी पडतो. त्यात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, अर्थात एका सुवर्णाला ३५ कार्षापण, असा दर दिला आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक, तर दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवल्याचे तो सांगतो. त्या तुलनेत जोगळटेंभीचा साठा एखाद्या साध्या कुटुंबाची बचत वाटत नाही.

सोपारा, तऱ्हाळा व ब्रह्मपुरी

सोपाऱ्याच्या ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. स्तूपाच्या गाभ्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि यज्ञश्री सातकर्णीचे न झिजलेले चांदीचे नाणे मिळाले. नाणे नवे कोरे असल्याने ते पेटीत लवकरच ठेवले गेले, हा तर्क सयुक्तिक होता. त्याच पेटीतील कांस्यमूर्ती मात्र कित्येक शतके नंतरच्या आहेत, असे पुढील अभ्यासकांनी दाखवले. पेटी मध्यंतरी उघडून पुन्हा बंद केली गेली असावी. केवळ नाण्यावर विसंबले असते तर ही गुंतागुंत निसटली असती.

विदर्भातील तऱ्हाळा (आता वाशीम जिल्हा) येथे १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे दीड हजार पोटीनची नाणी सापडली. पोटीन हा तांबे, कथील व शिसे यांचा मिश्रधातू. त्याला बाजारात मोल नाही. मिराशींनी ती वाचली तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळीत नसलेली नावे पुढे आली. धातूच्या भावाने हा निधी क्षुल्लक, पण एका राजवंशाची यादीच त्याने बदलली.

कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया व मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५–४६ मध्ये केलेले उत्खनन वेगळ्या जातीचे होते. तेथे नाणी थरांतून, भांडी व घरांच्या पायांसह मिळाली, त्यामुळे सातवाहनकालीन व बहमनीकालीन वस्त्या नाण्यांच्या साह्याने काळात बसवता आल्या.

धातुशोधक यंत्र

या यंत्राच्या तबकडीतील वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातू असल्यास त्यात भोवरा प्रवाह निर्माण होतात, त्यांचे दुर्बळ क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि आवाज उमटतो. परत येणाऱ्या संकेताच्या विलंबावरून लोखंड व चांदी-तांबे यांत काहीसा फरक करता येतो. एकटे नाणे साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच सापडते; नाण्यांनी भरलेले भांडे त्याहून खोल असले तरी कळते.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी असे उपकरण वापरून पाहिले, पण ते अयशस्वी ठरले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता युझेफ कोसात्स्की याने बनवलेला सुरुंगशोधक १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत कामी आला. युद्धानंतर हे तंत्र नागरी वापरात उतरले.

महाराष्ट्राच्या भूमीत या यंत्राला नैसर्गिक अडथळा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात (बेसाल्ट) मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्यामुळे जमीनच संकेत देऊ लागते आणि नाण्याचा क्षीण आवाज त्यात बुडतो. शहरी भरावात खिळे, सळया व बाटल्यांची झाकणे यांची भर पडते. पुरातत्त्वज्ञ हे यंत्र उकरलेल्या मातीत राहून गेलेल्या वस्तू तपासण्यासाठी किंवा रणभूमीच्या पाहणीसाठी, प्रत्येक जागेची नोंद करत वापरतात. यंत्र दोषी नाही, आवाज आल्यावर खड्डा खणून नाणे उपटणारा हात थर मोडतो.

इंग्लंडमधील हॉक्सन येथील घटना या संदर्भात नेहमी सांगितली जाते. १९९२ मध्ये एका शेतात हरवलेला हातोडा यंत्राने शोधताना रोमन निधी लागला. शोधणाऱ्याने खणणे थांबवून कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना उरलेला निधी पेटीतील मांडणीसह उचलता आला. त्यात १४,८६५ नाणी निघाली. हातोडाही सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

कायदेशीर तरतुदी

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू हा निखात निधी होय. त्याचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास निधीचे स्वरूप, ठिकाण व दिनांक लेखी कळवणे आणि तो सरकारी कोषागारात जमा करणे किंवा तारण देणे बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानच्या तारखेस दावेदारांना बोलावतो. निधी शंभर वर्षांच्या आत पुरला गेला असून दावेदाराने मालकी सांगितली, तर दिवाणी दाव्यासाठी वेळ दिला जातो. निधी बेवारस ठरल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश भाग सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. माहिती दडवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात व त्याचा वाटा सरकारजमा होतो.

सरकारला निधी स्वतःकडे घ्यायचा असल्यास धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश एवढी रक्कम द्यावी लागते. कायद्याचा कमकुवत दुवा येथेच आहे. तऱ्हाळ्यासारख्या पोटीनच्या निधीला धातूच्या हिशोबाने जवळजवळ काहीच मिळत नाही, तर बाजारात संग्राहक त्याच नाण्यांना कितीतरी अधिक देतात. परिणामी अनेक निधी कार्यालयापर्यंत न येता वाटून घेतले जातात किंवा वितळतात. दहा रुपयांची मर्यादाही १८७८ ची आहे. आज चांदीचे एक नाणेही ती ओलांडते.

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ प्रमाणे कान्हेरीसारख्या संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते. ते खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास मनाई असून पुरावशेषांच्या व्यापाराला परवाना लागतो.

गुप्तधनाविषयीच्या समजुती

पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते; धनावर नाग राखण करतो; ते बळी मागते, अशा समजुती ग्रामीण महाराष्ट्रात प्रचलित आहेत. लोककथेपुरत्या त्या निरुपद्रवी वाटल्या, तरी गुप्तधनाच्या लोभाने फसवणूक, अघोरी विधी आणि नरबळीचे गुन्हे घडले आहेत. म्हणून महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू व गुप्तधन यांच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट समावेश आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे.

सापडलेल्या नाण्यांची हाताळणी

सापडलेले नाणे घासूनपुसून चकचकीत करण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. चिंच, लिंबू, राख किंवा आम्ल यांनी तांब्यावरील पुटाबरोबर अक्षरेही निघून जातात, आणि लेखातील एक अक्षर गेले तरी राजाची ओळख बदलू शकते. समुद्रालगतच्या मातीतील क्षारांमुळे तांबे व कांस्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी धरते. हा क्षय संग्रहालयातही चालू राहत असल्याने त्यावर प्रयोगशाळेतच उपचार करावे लागतात. गोळा होऊन चिकटलेली नाणी हाताने सोडवू नयेत, कारण त्यांच्यामधील कापडाचे धागे व मांडणी हाही पुरावा असतो. ज्या भांड्यात नाणी होती त्याची खापरेही जपावी लागतात. नाण्यांवर तारीख नसते तेव्हा काळ ठरवण्यास खापरे साह्य करतात.

निधीच्या तपासणीचे काम ब्रिटिश काळात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने केले. मुंबईत आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली स्वतंत्र संस्था कार्यरत असून, नाणकशास्त्रज्ञ परमेश्वरीलाल गुप्त हे तिच्या संस्थापकांपैकी होते.